युरोडॉलर : एका शब्दाची जन्मकथा

अर्थव्यवहाराच्या परिभाषेत काही शब्द असे आढळतात की, केवळ त्यांच्या रूपावरून अर्थ लावू गेल्यास वाचक हमखास चुकतो. ‘युरोडॉलर’ हा अशा शब्दांपैकी एक ठळक शब्द होय. तो प्रथमच ऐकणाऱ्याला वाटते की, युरोप खंडात छापलेला किंवा युरोपच्या सोयीसाठी अमेरिकेने काढलेला हा एखादा वेगळ्या जातीचा डॉलर असावा. १ जानेवारी १९९९ पासून ‘युरो’ नावाचे चलन व्यवहारात आले आणि गोंधळात आणखी भर पडली. युरो आणि डॉलर यांच्या परस्पर विनिमयाचा दर म्हणजे युरोडॉलर, असाही समज आता पुष्कळांचा होतो. वस्तुतः या शब्दाचा युरो चलनाशी काहीएक संबंध नाही. हा शब्द त्या चलनापेक्षा सुमारे चाळीस वर्षांनी वडील आहे.

युरोडॉलर म्हणजे अमेरिकेच्या हद्दीबाहेरील बँकेत डॉलरच्या हिशेबात ठेवलेली ठेव. ठेवीदार कोणत्या देशाचा आहे, हा प्रश्न येथे गौण आहे. बँकेचा मालक कोण, हाही प्रश्न गौण आहे. न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेची शाखा लंडनमध्ये असली आणि तिथे एखाद्या अमेरिकन कंपनीने डॉलर ठेवले, तरी ती ठेव युरोडॉलरच होय. ज्या खातेवहीत ठेवीची नोंद झाली ती वही कोणत्या देशात आहे, एवढ्या एकाच गोष्टीवर हे नाव अवलंबून आहे. तेव्हा या नावात वस्तूचे वर्णन नाही, ठिकाणाचे वर्णन आहे. ते ठिकाण नावात का शिरले आणि त्या ठिकाणाला एवढे महत्त्व का आले, हाच या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा उत्तरार्ध पाहणे इष्ट ठरेल. ‘डॉलर’ हा शब्द आज अमेरिकेचा मानला जातो. परंतु त्याचे माहेर युरोपातच आहे. बोहेमियातील योआखिमस्टाल या गावी सोळाव्या शतकाच्या आरंभी चांदीच्या खाणी लागल्या आणि १५२० च्या सुमारास तेथे चांदीची मोठी नाणी पाडली जाऊ लागली. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात याखिमोव्ह या नावाने ओळखले जाते. जर्मन भाषेत ‘टाल’ म्हणजे खोरे. योआखिमच्या खोऱ्यातील नाणे म्हणून त्याला योआखिमस्टालर म्हणत. पुढे लोकांनी लांबलचक नावाचा पूर्वार्ध गाळला आणि ‘टालर’ एवढेच उरले. डच आणि इंग्रजी भाषांतून प्रवास करता करता त्याचे ‘डॉलर’ झाले. स्पेनच्या साम्राज्यातील चांदीच्या नाण्यालाही इंग्रजी बोलणारे डॉलरच म्हणत. तेच नाणे उत्तर अमेरिकेतील वसाहतींत खेळत असल्याने, स्वतंत्र झालेल्या संयुक्त संस्थानांनी १७८५ मध्ये आपल्या चलनासाठी हे नाव पत्करले. म्हणजे मूळ नाव एका खोऱ्याचे, आणि त्याला पुढे जोडले गेलेले उपपद एका खंडाचे.

एका देशाचे नाणे दुसऱ्या देशात खेळावे, हीही काही विसाव्या शतकाची नवलाई नव्हे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० मध्ये निवर्तली. पण त्या सालाचा शिक्का असलेले तिच्या नावाचे टालर त्यानंतरही दीर्घकाळ पाडले जात राहिले आणि अरबस्तान व इथिओपिया येथील बाजारांत ते विश्वासाने स्वीकारले जात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीतही हे नाणे पाडण्यात आले. भारताच्या रुपयाचाही असाच एक अध्याय आहे. कुवेत, बहारीन, कतार आदी आखाती प्रदेशांत भारतीय रुपया प्रचलित होता. त्या वाटेने होणारी सोन्याची चोरटी आयात आणि परकीय चलनाची गळती थांबवावी, म्हणून भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये केवळ आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. त्यांना ‘आखाती रुपया’ म्हणत. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचे चलन सुरू केले आणि १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर उरलेल्यांपैकी बहुतेक प्रदेशांनीही या नोटा सोडल्या.

आखाती रुपया आणि युरोडॉलर यांची नावे सारख्याच घडणीची आहेत. परंतु दोहोंत मूलभूत भेद आहे. आखाती रुपया हा रिझर्व्ह बँकेने स्वतः काढलेला होता, त्याची नोट वेगळी होती आणि तिची जबाबदारीही रिझर्व्ह बँकेवरच होती. युरोडॉलर कोणत्याही सरकारने काढला नाही. त्याची नोट नाही, नाणे नाही. तो केवळ बँकांच्या वह्यांत असतो.

हे कसे घडते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका व्यापाऱ्याचे दहा लाख डॉलर न्यूयॉर्कच्या बँकेत आहेत. त्याने ती रक्कम लंडनच्या एका बँकेत हलविली. या हलविण्यात एकही नोट समुद्र ओलांडीत नाही. लंडनच्या बँकेचे एक खाते न्यूयॉर्कमध्ये असतेच. न्यूयॉर्कच्या वहीत व्यापाऱ्याच्या नावावरील दहा लाख आता लंडनच्या बँकेच्या नावावर लागतात, आणि लंडनच्या वहीत ‘व्यापाऱ्यास देणे दहा लाख डॉलर’ अशी नवी नोंद होते. पुढे लंडनच्या बँकेने तेच दहा लाख एका इटालियन कारखानदारास कर्जाऊ दिले, त्याने यंत्रांची किंमत चुकती केली आणि यंत्रे विकणाऱ्याने आलेली रक्कम पॅरिसच्या बँकेत ठेवली, तर युरोपातील वह्यांत आता वीस लाख डॉलरच्या ठेवी दिसतील. न्यूयॉर्कमधील मूळ रक्कम मात्र दहा लाखच राहील. फक्त तिच्यापुढील नाव बदलेल. आपल्याकडील हुंडीच्या व्यवहारात एका पेढीच्या शब्दावर दूरच्या शहरात रक्कम उभी राहत असे. त्याच जातीचा, मात्र फार मोठ्या प्रमाणावरचा, हा व्यवहार आहे.

आता खरा प्रश्न असा की, न्यूयॉर्कसारखी भक्कम जागा सोडून डॉलर युरोपात ठेवावेसे कोणाला आणि का वाटले? याचे एक प्रसिद्ध उत्तर शीतयुद्धाच्या इतिहासात सापडते. कोरियाच्या युद्धात चीन उतरल्यानंतर डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने आपल्या अखत्यारीतील चिनी मालमत्ता गोठविली. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातील देश यांना ही सूचना पुरेशी होती. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी डॉलर हवेत. पण ते अमेरिकेतील बँकेत आपल्या नावाने ठेवावेत, तर उद्या तीच पाळी आपल्यावर येईल, अशा पेचात ते सापडले. यातून मार्ग निघाला तो युरोपातील सोव्हिएत मालकीच्या बँकांतून. पश्चिम युरोपात अशा दोन बँका होत्या. लंडनमध्ये मॉस्को नारोदनी बँक होती. पॅरिसमध्ये ‘बांक कोमेर्सियाल पूर ल्यूरोप द्यु नोर’ म्हणजे उत्तर युरोपची व्यापारी बँक होती. ती रशियातून परागंदा झालेल्यांनी स्थापिली होती आणि १९२५ मध्ये सोव्हिएत सत्तेने विकत घेतली होती. आपले डॉलर या बँकांकडे सोपविले की न्यूयॉर्कच्या वहीत नाव लागे ते पॅरिसच्या किंवा लंडनच्या बँकेचे, मॉस्कोचे नव्हे.

या पॅरिसच्या बँकेचे नाव उच्चारण्यास लांब आणि तारेत लिहिण्यास महाग. तारेच्या शुल्काची आकारणी शब्दागणिक होत असल्याने त्या काळी प्रत्येक मोठ्या पेढीचा तारेचा एक संक्षिप्त पत्ता असे. या बँकेचा तारेचा आणि टेलेक्सचा पत्ता होता ‘युरोबँक’. ही बँक आपल्याकडील डॉलर इतर युरोपीय बँकांना व्याजाने देऊ लागली, तेव्हा बाजारात त्या रकमांना ‘युरोबँकेचे डॉलर’ म्हणत आणि त्याचाच पुढे ‘युरोडॉलर’ असा संक्षेप झाला, अशी या शब्दाची सर्वाधिक सांगितली जाणारी व्युत्पत्ती आहे. भांडवलशाही जगाच्या एका प्रचंड बाजाराला साम्यवादी राष्ट्राच्या बँकेने नाव दिले, हा योगायोग एवढा चटकदार आहे की, बँकव्यवहारावरील अनेक ग्रंथांनी तो आवर्जून सांगितला आहे.

परंतु चटकदार व्युत्पत्ती सावधपणेच स्वीकारावी लागते. याच सुमारास ‘युरो’ हे उपपद युरोपात सर्वत्र रुळू लागले होते. युरोपीय दूरचित्रवाणीच्या देवघेवीस ‘युरोव्हिजन’ म्हणत आणि तिचे कार्यक्रम १९५४ पासून सुरू झाले होते. अणुशक्तीच्या सहकार्यासाठी १९५७ मध्ये जो करार झाला, त्यातून जन्मलेल्या संस्थेचे नाव ‘युराटम’ होते. अशा वातावरणात युरोपातील डॉलरना कोणीही सहजपणे युरोडॉलर म्हटले असते. त्यासाठी एखाद्या विशिष्ट बँकेच्या पत्त्याची आवश्यकता नव्हती. दोन्ही उपपत्तींत तसा विरोधही नाही, कारण त्या बँकेचा तारेचा पत्ताही ‘युरोप’ या शब्दाच्याच संक्षेपातून घडलेला होता. १९६० च्या सुमारास हा शब्द पैशाच्या बाजारात रूढ झाला आणि १९६४ मध्ये पॉल आइनत्झिग या अर्थशास्त्रीय लेखकाने ‘युरो-डॉलर व्यवस्था’ या विषयावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. तोपर्यंत हे नाव पक्के झाले होते.

नाव कोणीही दिलेले असो, बाजार मात्र केवळ मॉस्कोच्या भीतीने उभा राहिला नाही. त्याची दुसरी मुळे अमेरिका आणि ब्रिटन यांच्या स्वतःच्या कायद्यांत होती. महामंदीनंतर १९३३ च्या कायद्याने अमेरिकेत चालू ठेवींवर व्याज देण्यास बंदी झाली आणि मुदत ठेवींवरील व्याजाला कमाल मर्यादा घालण्याचा अधिकार फेडरल रिझर्व्हला मिळाला. हा निर्बंध ‘नियम क्यू’ या नावाने ओळखला जात असे. त्याचा अंमल अमेरिकेच्या हद्दीपुरता होता. लंडनच्या मिडलंड बँकेने १९५५ मध्ये तीस दिवसांच्या डॉलर ठेवींवर १⅞ टक्के व्याज देऊ केले. ते अमेरिकेतील मर्यादेहून अधिक होते. ही बँक आलेले डॉलर विकून पौंड घेई, ते पौंड लंडनमधील चढ्या दराने गुंतवी आणि त्याच वेळी तेवढेच डॉलर वायद्याने परत खरेदी करून विनिमयाचा धोका टाळी. बँक ऑफ इंग्लंडच्या हे ध्यानात आले. परंतु तिने ते बंद पाडले नाही.

पुढे १९५७ च्या सप्टेंबरात पौंडावर मोठे संकट आले. बँक ऑफ इंग्लंडने आपला दर ७ टक्क्यांवर नेला, आणि परदेशांतील परस्पर व्यापारास पौंडात कर्ज देण्यावर ब्रिटिश सरकारने निर्बंध घातले. लंडनच्या बँकांचा पिढीजात धंदाच त्यामुळे धोक्यात आला. त्यांनी तोच धंदा डॉलरच्या चलनात सुरू ठेवला. १९५८ च्या अखेरीस पश्चिम युरोपातील प्रमुख चलने परिवर्तनीय झाली आणि या बाजाराची वाट मोकळी झाली. प्रत्येक सरकार स्वतःच्या चलनावर नियंत्रण ठेवीत होते; परक्याचे चलन आपल्या भूमीवर कसे खेळते, याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नव्हते. या दोन कुंपणांमधील मोकळ्या पट्टीत युरोडॉलर वाढला.

बाजार वाढला तसा ‘युरो’ या उपपदाचा अर्थही पालटला. आरंभी त्याचा अर्थ ‘युरोपातील’ एवढाच होता. १९६३ मध्ये इटलीतील महामार्ग कंपनीसाठी दीड कोटी डॉलरचे रोखे लंडनमधून विकले गेले आणि ‘युरोबाँड’ हा शब्द पुढे आला. त्यामागोमाग, ब्रिटनबाहेरील पौंडांच्या ठेवी ‘युरोस्टर्लिंग’ आणि जपानबाहेरील येनच्या ठेवी ‘युरोयेन’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. येन सिंगापुरात असला तरी तो युरोयेनच. म्हणजे ‘युरो’ हे उपपद आता युरोपचे राहिले नाही. ‘आपल्या देशाबाहेरचा’ एवढाच अर्थ त्यात शिल्लक राहिला. सिंगापूरने १९६८ मध्ये अशा ठेवींचा बाजार उघडला, तेव्हा त्यांना ‘एशियन डॉलर’ असे निराळे नाव मिळाले. पण व्यापक परिभाषेत तेही युरोडॉलरच गणले जातात. १९७३ च्या तेलसंकटानंतर रूढ झालेला ‘पेट्रोडॉलर’ हा शब्द मात्र वेगळ्या कुळीचा आहे. तो डॉलर कशातून मिळाला ते सांगतो. युरोडॉलर तो कोठे ठेवला ते सांगतो. तेलाच्या विक्रीतून मिळालेला पेट्रोडॉलर लंडनमध्ये ठेवला की तोच युरोडॉलर होई, आणि त्या काळी फार मोठ्या प्रमाणावर तसे झालेही.

भारतीय वाचकास या ठिकाणी एक प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. भारताने १९७५ मध्ये परदेशस्थ भारतीयांसाठी परकीय चलनातील अनिवासी खाती सुरू केली. कोकणातून वा केरळातून आखातात गेलेल्या माणसास त्यामुळे आपली मिळकत भारतातील बँकेत डॉलर किंवा पौंड या चलनांत ठेवता येऊ लागली. हेही अमेरिकेबाहेरील डॉलर नव्हेत काय? काटेकोर व्याख्येप्रमाणे ते तसेच आहेत; तरी त्यांना कोणी युरोडॉलर म्हणत नाही. नावांची तुलना केल्यास कारण कळते. युरोडॉलर हे नाव बँक कोठे आहे ते सांगते. ‘अनिवासी’ हे नाव ठेवीदार कोठे राहतो ते सांगते. पहिला बाजार नियंत्रण चुकविण्यासाठी वाढला, तर दुसरी योजना रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालीच निर्माण झाली. मूळ योजनेत विनिमयदरातील चढउताराचा धोकाही रिझर्व्ह बँकेने स्वतःवर घेतला होता. १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटात या ठेवी झपाट्याने काढल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या धोक्याचे खरे मोल कळले. १९९३ मध्ये आणलेल्या नव्या योजनेत तो धोका बँकांकडे गेला आणि जुनी योजना १९९४ मध्ये बंद झाली.

आता मूळ भीतीकडे वळले पाहिजे. डॉलर अमेरिकेबाहेर नेला म्हणजे तो अमेरिकेच्या हुकमाबाहेर जातो काय? या शब्दाचा उगम ज्या विश्वासात आहे, त्याची कसोटी पुढे अनेकदा लागली. १४ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेने इराणची मालमत्ता गोठविली. त्या आदेशात अमेरिकन बँकांच्या परदेशांतील शाखांमधील डॉलर ठेवींचाही समावेश होता. जानेवारी १९८१ मधील अल्जियर्सच्या समझोत्याने तो प्रश्न मिटला, आणि त्यामुळे न्यायालयाचा निर्णायक निवाडा झाला नाही.

तसा निवाडा लिबियाच्या प्रकरणात मिळाला. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेने लिबियाची मालमत्ता गोठविली. लिबियाच्या एका सरकारी बँकेचे डॉलर बँकर्स ट्रस्ट या अमेरिकन बँकेच्या लंडन शाखेत होते. प्रत्येक मोठा डॉलर व्यवहार अखेर न्यूयॉर्कमधूनच फिटतो आणि तेथे तर मनाई आहे, म्हणून रक्कम देता येत नाही, असा बँकेचा बचाव होता. लंडनच्या न्यायालयाने १९८७ मध्ये तो अमान्य केला. लंडनमधील खात्याला इंग्लंडचा कायदा लागू होतो आणि रक्कम तेथे देणे बँकेवर बंधनकारक आहे, असे ठरवून न्यायालयाने लिबियाच्या बँकेच्या बाजूने सुमारे २९ कोटी २० लाख डॉलरचा निकाल दिला. शब्दाच्या पूर्वार्धाला, म्हणजे ठेवीच्या ठिकाणाला, येथे कायद्याचे बळ मिळाले. ठेव म्हणजे पेटीत जपलेली वस्तू नसून बँकेने ठेवीदाराला दिलेले वचन आहे, आणि वचनाला ते जेथे दिले तेथील कायदा लागू होतो, हे या निकालाचे सार आहे.

मात्र यातूनच दुसरी बाजूही निष्पन्न होते. ठिकाणाचा कायदा संरक्षण देतो, तसा तो बेडीही घालू शकतो. १९५० च्या दशकात मॉस्कोला जे युरोप आडोशासारखे वाटत होते, त्याच युरोपाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर अमेरिकेच्या बरोबरीने रशियाच्या मध्यवर्ती बँकेची मालमत्ता गोठविली. तिचा सर्वांत मोठा भाग बेल्जियममधील ‘युरोक्लिअर’ या संस्थेकडे होता आणि त्यात युरो चलनातील रोखे व रोकड अधिक होती. संस्थेच्या नावातही तेच उपपद असावे, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हणावा लागेल.

सामान्य वाचकाने या कथेतून काय घ्यावे? त्याची ठेव कदाचित कधीच डॉलरमध्ये असणार नाही. तरीही त्याच्या देशातील उद्योग डॉलरमध्ये कर्ज घेतात आणि त्या कर्जाचे व्याज दीर्घकाळ लंडनच्या बाजारात ठरणाऱ्या ‘लायबोर’ या दराला बांधलेले होते. डॉलरसाठी तो दर जून २०२३ अखेर बंद झाला, आणि शिकागोच्या बाजारात १९८१ पासून चालत आलेले युरोडॉलरचे वायदेही त्याच वर्षी नव्या दराच्या वायद्यांत विलीन झाले. बाजाराच्या फलकावरून शब्द असा मागे सरला. वस्तू मात्र गेली नाही. अमेरिकेबाहेरील बँकेतर कर्जदारांवर डॉलरच्या हिशेबातील कर्ज, रोखे धरून, सुमारे १३ लाख कोटी डॉलर असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय समझोता बँकेने अलीकडच्या वर्षांत दिला आहे. एका देशाच्या चलनातील एवढी देणी त्या देशाच्या सीमेबाहेर उभी आहेत. आणीबाणीच्या वेळी त्यांना आधार कोणी द्यायचा आणि त्यांवर अंकुश कोणाचा, हे दोन्ही प्रश्न त्यामुळेच पुनःपुन्हा उपस्थित होतात.

पैशाचे मोल त्यावरील आकड्याने कळते. परंतु त्याची सुरक्षितता तो कोणाच्या वहीत आणि कोणत्या कायद्याच्या छायेत आहे यावर अवलंबून असते. एका बँकेच्या तारेच्या पत्त्यावरून आलेला असो वा एका खंडाच्या नावावरून, ‘युरोडॉलर’ हा शब्द तो पत्ता विचारण्याची आठवण देत राहतो.